लंडनमध्ये पापडावर रात्र काढणारे बाबासाहेब विद्यार्थ्यांच्या जेवणाचा प्रश्न कधीच विसरले नाहीत

पुण्यात, मुंबईत किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेल्या गावाकडच्या पोराला विचारा. फी कशी भरली, हे तो एका वाक्यात सांगून मोकळा होईल. फ्रीशिप मिळाली, जीओआय मिळाली, विषय संपला. पण मेसचे पैसे कसे भरतोस असं विचारलं की गाडी अडते. मग एका डब्यात दोघं जेवणं, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून वडापाववर भागवणं, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चहा-बिस्किटावर राहणं असं एकेक बाहेर येतं. कॉलेजात प्रवेश मिळणं वेगळं आणि कॉलेजात असताना दोन वेळचं पोटात जाणं वेगळं.

हा फरक ज्या माणसाला स्वतःच्या पोटावरून कळला होता, त्याचं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. पण या पदव्या घेताना हा विद्यार्थी जेवत काय होता, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्याच बाजूने त्यांचं आयुष्य बघू.

डबा होता, पण पाणी नव्हतं

गोष्ट १९०१ सालची. भीमराव तेव्हा साताऱ्यात शाळेत होते. वय नऊ-दहा वर्षं. आई वारली होती, आत्या मुलांना सांभाळत होती. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि खटाव तालुक्यात एका तलावाच्या कामावर खजिनदार होते. हा तलाव सरकार का बांधत होतं? तर दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावं म्हणून. थोडक्यात, वडिलांची नोकरीच दुष्काळी कामावरची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावून घेतलं. भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र वेळेत मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणीच आलं नाही. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला, गाडीवाले मागे सरले. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. तेही अशा अटीवर, की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो स्वतः बाजूने चालणार.

घरून निघताना आत्याने भरपूर डबा बांधून दिला होता. वाटेत मुलांनी तो उघडला. पण प्यायला पाणी नाही. जवळच्या ओढ्यातलं पाणी म्हणजे चिखल आणि शेण. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला, तिथेही पाणी मिळालं नाही. घशाला कोरड पडलेली असताना कोरडं अन्न गिळवेना. शेवटी शेजारी भरलेला डबा ठेवून मुलं उपाशी झोपली.

पुढे बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी आठवणींत हा प्रसंग सविस्तर लिहिला. भुकेचा विषय निघाला की आपण सहसा गरिबीचं बोलतो. इथे मात्र घरात पैसे होते, अंगावर नवे कपडे होते, हातात डबा होता आणि तरीही मुलं उपाशी होती.

पंचवीस रुपये महिना

नंतर कुटुंब मुंबईत आलं. परळच्या चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच अभ्यास. पोराला पहाटे अभ्यासाला उठवता यावं म्हणून वडील रात्री जागत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही एवढी मोठी बातमी होती, की सत्काराची सभा भरली. याच सभेत लेखक आणि शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातलं खरं, पण वडिलांची ताकद लवकरच संपली. इंटरनंतर शिक्षण थांबणार हे दिसायला लागलं. तेव्हा केळुसकरच त्यांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले आणि महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तकं दिली, कपडे दिले.

आता शिष्यवृत्ती म्हणजे सगळं सुरळीत, असं वाटेल. पण कॉलेजातला हॉटेलवाला या विद्यार्थ्याला चहा सोडाच, पाणीही देत नव्हता. मित्र कँटीनमध्ये बसलेत आणि आपल्याला तिथे जागाच नाही, अशा अवस्थेत त्यांनी १९१२ मध्ये बी. ए. केलं. 

न्यूयॉर्कमध्ये टेबलावर सगळ्यांसोबत

फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा सरकारशी करार झाला. परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. त्या वेळच्या भावाने साडेअकरा पौंड म्हणजे साधारण ५५-५६ डॉलर. यातच राहणं, खाणं, पुस्तकं आणि मुंबईत घरी पाठवायचे पैसे.

जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले, पण तिथलं अर्धवट शिजलेलं, गोमांसाचं जेवण काही घशाखाली उतरेना. आठवड्याभरात त्यांनी मुक्काम हलवला. काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले आणि मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. इथे त्यांची खोली नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

घर सोडून हॉस्टेलला गेलेल्या कुणालाही पहिल्या आठवड्यातली ही जेवणाची अडचण ओळखीची वाटेल. पण भीमरावांसाठी न्यूयॉर्कमध्ये दुसरंही एक घडत होतं. इथे कुणीही त्यांची जात विचारून ताट बाजूला सरकवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते इतरांच्या बरोबरीने टेबलावर बसून जेवत होते.

या स्वातंत्र्याची त्यांनी चैन केली नाही. नाटक नाही, फिरणं नाही. पोटापुरतं खायचं आणि उरलेल्या पैशातून जुन्या बाजारातली पुस्तकं घ्यायची. असं करत न्यूयॉर्कमधून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये पीएच. डी.चा प्रबंध दिला आणि त्याच वर्षी लंडन गाठलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, दोन्ही एकदम सुरू.

पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने एवढी सवलत दिली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करता येईल. महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते जर्मन पाणबुडीने बुडवलं. पोट मारून घेतलेली बरीच पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली.

बडोद्यातली नोकरी काही दिवसांचीच ठरली. करारानुसार ते तिथे हजर झाले, पण राहायला घर कुणी देईना. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेला हा अधिकारी संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

लंडनमधली ती दोन-अडीच वर्षं

मुंबईत नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळात ही मोठीच रक्कम. (प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातून यांनी पाणी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची तक्रार होती. म्हणजे प्राध्यापक झाले तरी पाण्याचा प्रश्न तिथेच.) या पगारात ते परळमध्ये दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला पत्नी रमाबाईंच्या हातात ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकी लंडनसाठी बाजूला ठेवायची. या बचतीला कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत मिळाली आणि पाच हजारांचं कर्ज दिलं नवल भथेना यांनी. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले.

आता वय २९. घरी बायको, मूल, भावाचं कुटुंब. यावेळी शिष्यवृत्ती नाही. जे आहे ते स्वतःचं, नाहीतर उसनं.

चरित्रकार धनंजय कीर यांनी या दिवसांचं वर्णन केलं आहे. भीमराव एका बोर्डिंग हाऊसमध्ये राहत. मालकीणबाई फार कडक आणि जेवणाच्या बाबतीत हात आखडता. सकाळी पावाचा एक तुकडा, माशाचा छोटासा तुकडा आणि एक कप बोव्हरील. बोव्हरील म्हणजे मांसाचा घट्ट अर्क. तो गरम पाण्यात ढवळून प्यायचा. पोट भरल्यासारखं वाटतं, भरत मात्र नाही.

हे घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात. दार उघडताना हजर आणि बंद होताना सगळ्यात शेवटी बाहेर. दुपारचं जेवण नाही. एक कारण पैसे, दुसरं कारण वेळ, कारण जेवायला बाहेर पडलं की वाचनाचा तास बुडतो. संध्याकाळी रखवालदार उठवायला येई तेव्हा खिसे टिपणांच्या कागदांनी भरलेले असत. रात्री पुन्हा बोव्हरील आणि बिस्किटं. मग खोलीत बसून वाचन.

साधारण दहा वाजले की भूक अगदी अनावर व्हायची. एका ओळखीच्या भारतीयाने त्यांना पापडांचा गठ्ठा दिला होता. भीमराव त्यातले थोडे पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खात आणि परत पुस्तकाकडे वळत. खोलीतला सोबती झोपून जाई, यांचा दिवा उत्तररात्रीपर्यंत चालू असे.

या काळाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच मसालेदार किस्से फिरतात. त्यांची खरंच गरज नाही. एक कप बोव्हरील आणि भाजलेला पापड एवढं पुरेसं आहे.

आता यातली एक गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. हा विद्यार्थी उपाशी राहून लिहीत कशावर होता? रुपयावर. त्यांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषयच रुपयाचा प्रश्न हा होता. रुपया आणि पौंड यांचा विनिमय दर कसा ठरतो, तो सोन्याशी बांधावा की नाही, दर कोसळला की त्याचा फटका कुणाला बसतो, असे ते प्रश्न.

आणि नेमका त्याच काळात रुपया कोसळत होता. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला २ शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये हा भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिशोब करा. पौंडात २० शिलिंग. एका रुपयाला २ शिलिंग असताना १,००० रुपयांचे १०० पौंड होतात, सव्वा शिलिंग झाल्यावर त्याच हजाराचे साडेबासष्ट. मुंबईत बसलेल्या सरकारी बाबूसाठी हा आकडेवारीतला बदल. मुंबईहून येणाऱ्या पैशांवर लंडनमध्ये जगणाऱ्यासाठी मात्र महिन्यातले अकरा-बारा दिवस गायब. आज डॉलर महागला की परदेशात शिकणाऱ्या पोरांच्या घरी जे टेन्शन येतं, तेच हे.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. भथेना यांच्याकडेही पैशांसाठी पत्रं जात होती. स्वाभिमानी माणसाला असं पुन्हा पुन्हा मागायला काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. शाहू महाराजांचं मे १९२२ मध्ये निधन झालं आणि तो आधारही गेला.

तरीही १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो थोडा बदलून लिहायला सांगितला, पण लंडनमध्ये राहून तो लिहायला पैसेच उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि उरलेलं काम इथूनच करून पाठवलं. त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपात छापला गेला. पुस्तक आईवडिलांना अर्पण केलेलं आहे.

आणि घरी काय चाललं होतं?

विद्यार्थी एकटा उपाशी राहत नाही, त्याच्यामागे घरही उपाशी राहतं. बाबासाहेबांच्या चरित्रात हे सगळ्यात जास्त रमाबाईंच्या वाट्याला आलं. नवरा परदेशात असताना तुटपुंज्या पैशांत त्यांनी घर चालवलं. या दोघांना झालेल्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, फक्त यशवंत वाचले. रमाबाईंची स्वतःची प्रकृतीही ढासळत गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

आजही मुलाला शहरात मेस लावता यावी म्हणून घरात कुणाचं तरी दूध बंद होतं, कुणाचं औषध पुढे ढकललं जातं. हा खर्च कुठल्याच शिष्यवृत्तीच्या अर्जात दाखवता येत नाही.

सभेचं पहिलं मोठं काम : वसतिगृह

परत आल्यावर जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. अशा नव्या संघटनेने पहिल्यांदा काय करावं? मोर्चा, परिषद, वर्तमानपत्र, काहीही करता आलं असतं. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. त्यात राहणाऱ्या मुलांचं जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तकं या सगळ्याचा खर्च सभेने उचलला.

कारण साधं होतं. गावात चौथीपर्यंत शाळा असायची. पुढचं शिकायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागायचं. तिथे अस्पृश्य मुलाला खोली कोण देणार आणि खानावळीत पंगतीला कोण बसवणार? शाळेचं दार कागदावर उघडं होतं. पण शाळा सुटल्यावर जायचं कुठे आणि खायचं काय, याला उत्तर नव्हतं. म्हणून त्या काळातल्या बहुजन शिक्षणाच्या इतिहासात शाळेच्या आधी बोर्डिंग येतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं उघडली, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. बाबासाहेबांचं सोलापूरचं वसतिगृह याच वाटेवरचं.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो पाण्याचा सत्याग्रह म्हणून आपल्याला माहीत आहे. पण पाणी पिऊन लोक मंडपात परतले, जेवायला बसले, तेव्हा अफवा पसरून जमाव चालून आला. लोकांना मारहाण झाली आणि त्यांच्यापुढचं अन्न मातीत मिसळलं गेलं. मसूरच्या वाटेवर पाण्यावाचून डबा तसाच राहिला होता. महाडमध्ये पाणी प्यायल्याबद्दल ताट मातीत गेलं.

त्यानंतरच्या काळात सरकारी अनुदान मिळवून मुंबई प्रांतात आणखी वसतिगृहं सुरू झाली. धारवाडचं वसतिगृह बळवंतराव वराळे सांभाळत. तिथला एक प्रसंग आंबेडकरी घरांत आजही सांगितला जातो. रमाबाई हवापालटासाठी धारवाडला गेल्या होत्या. रोज अंगणात खेळणारी वसतिगृहातली मुलं अचानक दिसेनाशी झाली. चौकशी केल्यावर कळलं, की अनुदान वेळेवर न आल्याने धान्य संपलंय आणि मुलं उपाशी आहेत. रमाबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि चूल पेटली.

व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधून मिळवलेले तीन लाख

सभा आणि देणग्या यांवर किती मुलं जेवणार? बाबासाहेबांना हे दिसत होतं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि ऑक्टोबरमध्येच त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात शिक्षणाची बाजू मांडताना त्यांनी सरळ हिशोब ठेवला. बनारस आणि अलिगडच्या विद्यापीठांना सरकार दरवर्षी मोठं अनुदान देतं. मग अस्पृश्य समाजाच्या उच्च शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नको?

त्यांची मागणी नुसत्या बी. ए.-एल. एल. बी.साठी नव्हती. विज्ञान आणि तंत्रशिक्षण ही मुलांना मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे अभ्यासक्रम लांबलचक, खर्चिक आणि मोठ्या शहरांतच. घरची मदत नसलेला मुलगा तिथे फी भरूनही टिकू शकत नाही. म्हणून देशातल्या शिक्षणासाठी काही रक्कम आणि परदेशी शिक्षणासाठी काही रक्कम, अशी त्यांनी मांडणी केली होती.

सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. १९४४ मध्ये शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि काही विद्यार्थी परदेशातही गेले. हीच ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला कॉलेजातली पोरं जीओआय म्हणतात. स्वातंत्र्यानंतर ती वाढली, आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. महाडीबीटीवर अर्ज भरताना फीच्या शेजारी निर्वाह भत्ता असा एक रकाना दिसतो. शिकणाऱ्याला खायलाही लागतं, हे सरकारने मान्य केल्याची ही नोंद. रक्कम किती तुटपुंजी आहे, हा वेगळा विषय.

सिद्धार्थ आणि मिलिंद

जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथे सकाळी वर्ग भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला लेक्चर करून कामावर जाता यावं. पोटासाठी कमवणारा तरुण कॉलेजच्या वेळापत्रकामुळे बाहेर राहू नये, असा हा विचार. आजही अनेक शहरांत डिलिव्हरी करणारी, रात्री दुकानात बसणारी पोरं हजेरीच्या टक्केवारीत अडकतात, तेव्हा सकाळच्या कॉलेजचं महत्त्व कळतं.

मराठवाड्याची अवस्था आणखी बिकट होती. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. १९५० मध्ये औरंगाबादला सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याभोवतीच्या नागसेनवनात वसतिगृहं उभी राहिली. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडची, कधीकधी अंगावरच्या एका कपड्यावर आलेली मुलं तिथे राहून शिकली. दलित साहित्याची एक मोठी पिढी या परिसरातून आली आणि त्या पिढीच्या आत्मकथनांत भाकरी जागोजागी येते. प्र. ई. सोनकांबळे यांचं १९७९ मध्ये आलेलं 'आठवणींचे पक्षी' वाचलं नसेल तर जरूर वाचा. शिक्षणासाठी भूक मारणं म्हणजे काय, हे त्यात कुठलाही आव न आणता आलंय.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. त्याच वर्षी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकून मोठ्या पदांवर गेलेल्यांबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली होती. ज्यांच्या शिक्षणासाठी एवढं केलं, ते मागे राहिलेल्यांकडे वळून बघत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

आज त्यांच्या नावाने असलेली योजना

समाजकल्याणच्या हॉस्टेलमध्ये जागा कमी आणि अर्ज जास्त, हे चित्र जुनंच आहे. ज्यांचा नंबर लागत नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी आधार अशाही योजना आल्या.

स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यात भोजन भत्ता ३२ हजार, निवास भत्ता २० हजार आणि निर्वाह भत्ता ८ हजार. इतर महापालिका क्षेत्रांत एकूण ५१ हजार, बाकी ठिकाणी ४३ हजार. जेवणासाठी वेगळा आकडा लिहिलेली योजना असणं, हीच मोठी गोष्ट आहे. पण ३२ हजारांना १२ महिन्यांनी भागलं, तर महिन्याला साधारण २,६६७ रुपये येतात. दिवसाला ९० रुपयांच्याही आत, दोन्ही वेळचं जेवण धरून. हे पैसेही हप्त्यांमध्ये येतात आणि हप्ते उशिरा जमा होतात, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. हप्ता येईपर्यंत मेसवाल्याला थांबवावं लागतं, नाहीतर मित्राच्या डब्यात वाटेकरी व्हावं लागतं. धारवाडच्या मुलांची अडचणही नेमकी हीच होती, अनुदान मंजूर होतं आणि धान्य संपलेलं होतं.